टाकीपाशी प्रार्थना

सचिव (ए-१०१): उद्यापासून पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी ७ वाजता टाकीपाशी प्रार्थना. कमिटीने हजर राहावे.

बी-२०४ वहिनी: आज ताट, निरांजन, नारळ घेऊन खाली उतरले, तर सुभेदारकाका टाकीत काठी बुडवून पाणी मोजतायत! ही कसली हो प्रार्थना?

सुभेदारकाका: वहिनी, चूक माझी, शब्द मीच दिला. फौजेत हेडक्वार्टरच्या रोजच्या सकाळच्या मीटिंगला ‘मॉर्निंग प्रेयर्स’ म्हणतात. इंग्रजांच्या फौजेतली बोली. देवाचा काही संबंध नाही. साहेब समोर, एकेका ब्रँचचा माणूस उठणार. रात्री काय घडलं, हवामान, गाड्या किती चालू, रेशन किती. काही नसलं तर ‘नो चेंज, सर’ आणि बसायचं.

ए-३०२: आपल्या दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्पच म्हणतात. छावणीतलाच शब्द परत आला म्हणायचा 😄

सुभेदारकाका: मी तेव्हा नाईक. पहाटे साडेपाचला नकाशावर टाल्क, म्हणजे पारदर्शक कागद, चढवून चायनाग्राफच्या मेणाच्या पेन्सिलीनं तुकड्यांच्या खुणा ताज्या करायच्या. एकदा माझ्याच बाहीनं एक खूण पुसली गेली. साहेब म्हणाले, ही तुकडी रातोरात गेली कुठे? अख्ख्या खोलीत कुणी श्वास घेईना.

सी-१०३: अमेरिकनांकडे असल्या मीटिंगला ‘बब’ म्हणतात, बॅटल अपडेट ब्रीफ. पण खरं नाव पाडलं ते पत्रकारांनी. व्हिएतनाम युद्धात सायगॉनला लष्कर रोज संध्याकाळी त्यांना माहिती द्यायचं, ते ‘फाइव्ह ओ’क्लॉक फॉलीज’. म्हणजे पाच वाजताचं नमन, आपल्या कोकणातल्या नमन-खेळ्यासारखं. पण आपल्या नमनात सोंग हे सोंग म्हणूनच येतं, तिथे आकडे खरे म्हणून यायचे.

बी-२०४ वहिनी: आणि टाकीचं काय ठरलं?

सुभेदारकाका: ठरवायचं ते ‘ओ ग्रुप’मध्ये. ओ म्हणजे ऑर्डर्स. प्रेयर्समध्ये फक्त खबर द्यायची.

बी-२०४ वहिनी: मग ओ ग्रुप आधी घ्या!

सुभेदारकाका: आजची खबर: टाकीत पाणी दीड फूट. टँकर दुपारी. बी विंगचा बॉलकॉक गळतोय.

सचिव (ए-१०१): प्लंबर मंडणगडला लग्नाला गेलाय, परवा येईल.

ए-३०२: पाना माझ्याकडे आहे, येतो खाली.

बी-२०४ वहिनी: नारळ फोडलाच मी. सोलकढी केलीय, ज्याने त्याने आपापली वाटी आणा.