मदत हवी आहे: ‘इन लॉकस्टेप’ला मराठीत काय म्हणावे?
नमस्कार. फोंड्यातील आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी इंग्रजी लेख मराठीत आणताना ‘इन लॉकस्टेप’ या वाक्प्रचारापाशी मी अडलो आहे. पुढच्याला अगदी खेटून, एकाच वेळी पाऊल टाकत चालणे हा त्याचा मूळ अर्थ; १९व्या शतकात न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न तुरुंगात कैद्यांना असेच चालवीत, त्यामुळे त्यात एकमतासोबत सक्तीही डोकावते. ‘सुरात सूर मिसळणे’ फार गोड वाटते, ‘री ओढणे’ तर उघड टोमणाच. गोव्यातील शिगमा या होळीच्या सणातल्या रोमटामेळात, म्हणजे नाचत-गात निघणाऱ्या मिरवणुकीत, ढोलाच्या ठोक्यावर सगळी पावले एकदम पडतात खरी, पण तिथे उत्साह असतो, धाक नव्हे. माझ्या वाक्यात सर्व सदस्य नेत्याबरोबर ‘लॉकस्टेप’मध्ये मतदान करतात. तिथे कोणता शब्दप्रयोग नेमका बसेल, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.