मदत हवी आहे: आई काळी, पिल्लं काळी, नातवंडं मात्र लख्ख हिरवी

कृष्णाकाठ: सांगलीत कॉलेजच्या लॅबमध्ये सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीवर फीडिंग आरएनएआय (दुपदरी आरएनए बनवणारे बॅक्टेरिया खायला घालून जीन बंद पाडणं) चालू आहे. बंद पाडायचाय जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन), तो स्नायूंत आहे (मायो-३ प्रमोटर, म्हणजे जीन कुठे चालेल ते ठरवणारा डीएनए), प्लाझ्मिड (डीएनएचं कडं) एल४४४०, बॅक्टेरिया एचटी११५, प्लेटमध्ये १ मिलीमोलर आयपीटीजी (आरएनए बनवणं सुरू करणारं रसायन) आणि मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम कार्बेनिसिलिन (प्लाझ्मिड असलेलेच बॅक्टेरिया जगू देणारं अँटिबायोटिक). एल४ या प्रौढ होण्याआधीच्या अवस्थेपासून खायला घातलं. पिल्लं ओपी५० या साध्या खाद्य-बॅक्टेरियावर हलवली की नातवंडांत जीएफपी परत येतो. मग जीन बंद राहण्याचा वारसा कुठे गेला? एका प्लेटवर मात्र निम्मी नातवंडं काळी (जीएफपी बंद) निघाली. इनक्युबेटर २० अंशांवर आहे, पण दुपारी वीज जाते.

पेट्रीडिश: प्रयोग ठीक आहे, जीन चुकला. पिल्लं काळी होणं हा वारसा नव्हेच. आईने खाल्लेला दुपदरी आरएनए थेट अंड्यात उतरतो, म्हणून हिशेब नातवंडांपासून धरायचा.

डायसर हे एन्झाइम दुपदरी आरएनए कापून करतं ते तुकडे थोडेच असतात. त्यांच्या जोरावर आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम एमआरएनएचाच (जीनची प्रथिन बनवायची प्रत) साचा घेऊन २२जी आरएनए (जी ने सुरू होणारे, २२ अक्षरी छोटे आरएनए) भरमसाट बनवतं. जर्मलाइनमध्ये (अंडी-शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत) एचआरडीई-१ हा आर्गोनॉट (छोटे आरएनए वाहणारं प्रथिन) ते घेऊन केंद्रकात जातो आणि त्या जीनवर एच३के९ मेथिलेशन (जीन बंद ठेवणारी रासायनिक खूण) चढतं. पुढच्या पिढीला मिळते ती ही साखळी. स्नायूतल्या जीनचा एमआरएनए जर्मलाइनमध्ये नाही, मग साचा कुठून येणार?

जर्मलाइनमध्ये चालणाऱ्या मेक्स-५ प्रमोटरवरचा जीएफपी-हिस्टोन (केंद्रकातल्या प्रथिनाला जोडलेला जीएफपी) घ्या. चालू असला की अंडपेशींची केंद्रकं गोनाडमध्ये (जननग्रंथीत) मण्यांसारखी ओळीने चमकतात, बंद पडला तर ओळच दिसत नाही. काळेपणा साधारण ३ ते ५ पिढ्या टिकतो. कंट्रोलला रिकामा एल४४४० हवाच, शिवाय एचआरडीई-१ म्युटंट. त्यात नातवंडं उजळलीच पाहिजेत.

हळदकुंड: ती निम्मी काळी प्लेट फेकू नका. ओपी५० चा थर पातळ असतो. मध्येच दाट ठिपका दिसला तर तो पिकला (वर्म उचलायच्या तारेला) चिकटून आलेला एचटी११५. ठिपका कार्बेनिसिलिन प्लेटवर ओढा. वाढला तर वारसा नव्हे, उष्टं खाणं! आयपीटीजी नसतानाही तो थोडा आरएनए गळतो.

पुढच्या वेळी पिल्लं अंड्यांवर आली की ब्लीच करा. पाण्यातले वर्म ३.५ मिलि, त्यात १ मिलि घरगुती ब्लीच आणि ०.५ मिलि ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. ५ मिनिटांच्या आत, शरीरं फुटली की थांबा आणि एम९ बफरने ३ वेळा धुवा. उशीर झाला तर अंडीही मरतात. बाटली जुनी असेल तर उलट शरीरं फुटतच नाहीत, ताजी आणा.

विजेचं मनावर घ्या. उष्णतेचा किंवा उपासमारीचा ताण बसला की वारशाने आलेले छोटे आरएनए पुसले जाऊ शकतात. एप्रिलात आपल्याकडे बंद इनक्युबेटर २५ अंश सहज ओलांडतो. आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवा. वीज गेली की प्लेटा थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशवीला न टेकवता.

कृष्णाकाठ: ठिपका आहे, कडेला. आजच ओढतो. २२जी मोजायला साधं स्मॉल आरएनए सिक्वेन्सिंग किट चालेल का?

पेट्रीडिश: थेट नाही. २२जी च्या ५' टोकाला ३ फॉस्फेट असतात, किटच्या लायगेजला (आरएनएचे तुकडे जोडणाऱ्या एन्झाइमला) १ लागतं. आधी जादा फॉस्फेट काढणाऱ्या आरपीपीएच एन्झाइमची प्रक्रिया करा, नाहीतर लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या नमुन्यात) मायक्रोआरएनएच (दुसऱ्या प्रकारचे छोटे आरएनए) भरलेले दिसतील.