गोळी चालू ठेवली की सोडली? खान्देशातले घरगुती उपायांचे अनुभव

अमळनेरला आमचं मेडिकल आहे. काउंटरवर रोज कानावर येतं, "ताई, थायरॉईडची बाटली या महिन्यात नको, धन्याचं पाणी सुरू केलंय." "शुगरच्या गोळ्या अर्ध्याच द्या, कारल्याचा रस घेतोय." सांगणारं कधी व्हॉट्सअ‍ॅप असतं, कधी आठवडी बाजारातला जडीबुटीवाला, कधी सख्खी नणंद. झाडपाल्यात काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. शुगरवरच्या मेटफॉर्मिनचा माग काढत गेलं तर युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपापर्यंत पोचतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. उपाय सुरू होतो त्या दिवशी चालू गोळी गुपचूप बंद होते, आणि डॉक्टरांना ना उपाय कळतो, ना गोळी सोडल्याचं.

म्हणून हा धागा. काय घेतलं, कुणी सांगितलं, गोळी चालू होती की सोडली, आणि फरक कशावरून कळला, एवढं लिहा. गाव लिहा, नाव नको.

चोपडा, शिक्षिका

माझ्या जावेचा अनुभव लिहिते, तिला विचारूनच. बाळंतपणानंतर तिला थायरॉईड निघाला. गोळी सुरू झाली. त्याच सुमारास घरात कुणीतरी सांगितलं की पांढरं मीठ म्हणजे विष, सैंधव आणा. सगळ्या घराचं मीठ बदललं. पुढे पुतणीची मान पुढून भरल्यासारखी दिसायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात मीठ कोणतं?"

आयोडीन कमी पडलं की मानेला अशी सूज येते, तो गलगंड. आपल्याकडे गलगंडाविरुद्धचा सरकारी कार्यक्रम १९६२ सालचा आहे, आणि २००६ पासून खाण्यासाठी विनाआयोडीन मीठ विकायला देशभर बंदी आहे. घरी पोचेपर्यंत मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम, राहिलं पाहिजे, असा नियम आहे. सैंधव चवीला चांगलं, उपासाला चालतं. पण पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं नसेल तर त्यातून आयोडीन मिळेल असं धरू नका. आम्ही आता रोजच्या स्वयंपाकाला साधं आयोडीनचं मीठ वापरतो, सैंधव उपासापुरतं.

धन्याचं पाणी जाऊ अजून पिते. तिला आवडतं. पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, खाली आला तो गोळीची वेळ बदलल्यावर. आधी ती गोळी चहाबरोबर घ्यायची आणि लगेच कॅल्शियमची. आता उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम रात्री.

अमळनेर (धागा सुरू करणारी)

शिक्षिकाताई, गोळीच्या वेळेचं लिहिलंत ते फार कामाचं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत अन् थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. आणखी एक. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये ते सांगा.

सावदा, केळीवाले

शुगर निघाली आणि पहिला हुकूम सुटला, केळी बंद. ज्याच्या बागेवर घर चालतं त्याला हे ऐकणं जड जातं. मग गावातल्या एकाने कारल्याचा रस सांगितला, दुसऱ्याने जांभळाच्या बियांची भुकटी, बहिणीने भिजवलेली मेथी. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, यातलं काय घेऊ? ते म्हणाले, मेथी घ्या, गोळी सोडू नका, आणि ग्लुकोमीटर आणून जेवणानंतर दोन तासांनी मोजत जा.

मोजल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडल्या. पिकून काळे डाग पडलेलं मोठं केळं रिकाम्या पोटी खाल्लं की आकडा उडी मारतो. तेच जेवणानंतर अर्धं, जरा करकरीत असलेलं, तर फारसा फरक नाही. कच्च्या केळीत असा स्टार्च असतो जो सहज पचत नाही, म्हणून कच्च्या केळीची भाजी मला चालते. गव्हाच्या पोळ्या कमी केल्या आणि कळण्याच्या भाकरीवर आलो. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद, थोडं मीठ, आणि गिरणीतून दळून आणायचं. ज्वारीत ज्या प्रथिनांची उणीव आहे ती उडीद भरून काढतो, आणि पोट लवकर भरतं. शेवभाजी मात्र आता पाहुणे आले तरच.

मेथीचा गुण आला का? थोडा आला असावा, तिच्यातल्या तंतूंनी साखर हळू शोषली जाते. पण मी एका वेळी भाकरी, चालणं, मेथी आणि गोळी असं सगळंच केलं, त्यामुळे श्रेय एकट्या मेथीला देणार नाही. आकडे खाली आल्यावर गोळी डॉक्टरांनीच कमी केली.

जाता जाता एक सांगतो. आमच्या भाऊबंदांत एकाची किडनी अधू आहे. पायात गोळे येतात म्हणून त्यांना कुणी रोज केळी अन् नारळपाणी सांगितलं. रक्तात पोटॅशियम वाढलं. निरोग्याला केळं उत्तम, पण किडनीचा आजार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. केळी विकणारा माणूस हे सांगतोय, म्हणून तरी ऐका.

धुळे, निवृत्त

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. पायाला मुंग्या, विसरभोळेपणा. शेजारी म्हणाले नसा आखडल्या, तेल चोळा. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. मी शाकाहारी आणि ही गोळी बी-१२ कमी करते, म्हणजे दोन कारणं एकत्र आली. दही-ताकाने थोडं मिळतं, पण माझी कमतरता भरण्याएवढं नाही. इंजेक्शनं घेतली. मुंग्या कमी झाल्या. तेल अजून चोळतो, झोप चांगली लागते.

साक्री, शेतकरी

आमच्या आईचं लिहायचंय. लांबेल, पण लिहितो.

चिकुनगुनियानंतर तिचे गुडघे आणि मनगटं धरली ती सुटेचनात. बाजाराच्या दिवशी एक जण पुड्या विकायला बसायचा. संधिवातावर जंगलातली मुळी, कसलाही साइड इफेक्ट नाही, असं तो सांगायचा. आईने पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली. आम्हाला वाटलं देवच पावला. भूक वाढली, तोंड भरलं, गावातल्या बाया म्हणायला लागल्या, माय, तुले तर पुडी मानवनी. त्या भरलेल्या तोंडाकडे आम्ही बाळसं म्हणून पाहत होतो.

मग हातावर निळे डाग, कातडी कागदासारखी पातळ, रक्तात साखर. शिरपूरला भाच्याने ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. पुडीची गोष्ट ऐकताच ते म्हणाले, यात स्टेरॉइड मिसळलेलं असावं. त्यांनी समजावलं ते असं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक बनवतात. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की त्या काम थांबवतात. म्हणून पुडी एका झटक्यात बंद केली तर माणूस गळून जातो, उलट्या होतात, बीपी उतरतं, जीवावरही बेतू शकतं. आईला त्यांनी मोजून स्टेरॉइडचीच गोळी दिली आणि हळूहळू, बरेच महिने घेऊन, कमी करत आणली.

स्टेरॉइड हे औषध वाईट नाही, दम्याला, काही संधिवातांना ते लागतंच. पण डोस माहीत नाही, नाव माहीत नाही, अशी पुडी पोटात जाऊ नये. एका रात्रीत गुडघे मोकळे करणारी पुडी घरात आली असेल तर ती फेकू नका, कागदासकट डॉक्टरांकडे न्या. आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

अमळनेर (धागा सुरू करणारी)

साक्रीच्या दादांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी घरी वाचून दाखवा. दुकानात असे चेहरे मी ओळखायला शिकले आहे.

जळगाव, एमएस्सीची विद्यार्थिनी

मला पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, हनुवटीवर केस. मोबाईलवर 'हार्मोन बॅलन्स'ची पावडर दिसायची, महिन्याच्या मेसपेक्षा महाग. तिच्याऐवजी मी बिया खायचा प्रकार केला. पाळीनंतरचे पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफूल. पाळीच वेळेवर येत नसेल तर पंधरवडे मोजायचे कुठून, हा प्रश्न आईने विचारला आणि त्याला उत्तर नव्हतं. जवसाची चटणी आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती मी भाकरीबरोबर खाते, कारण चांगली लागते आणि पोट साफ राहतं.

पाळी नियमित झाली ती वजन उतरल्यावर. मेहरूण तलावाला रोज फेरी, होस्टेलच्या मेसमधला मैदा बंद, रात्री वेळेवर झोप. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं. गोळ्याही काही महिने घेतल्या. मैत्रिणींना एवढंच सांगते, नुसत्या सोनोग्राफीत गाठी दिसल्या म्हणून पीसीओएस ठरत नाही. पाळी, रक्तातली पुरुषी संप्रेरकं आणि सोनोग्राफी या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि थायरॉईड आधी तपासून घ्यावा लागतो.

पाचोरा, गृहिणी

दुधीचा रस पिणाऱ्यांसाठी. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू असेल तर दुधी फेकून द्या, साखर घालून पिऊ नका. कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या झालेले रुग्ण आहेत, माणसंही दगावली आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनेही हेच बजावलं होतं.

शिरपूर, भाची

मावशीची पाळी बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती. मग एकदा रक्त दिसलं. ती म्हणाली, "माले काही व्हयेल नही, उष्णता शे." आपल्याकडे उन्हाळा असा की सगळं उष्णतेवर ढकलता येतं. सब्जा झाला, गुलकंद झाला, शतावरीचं चूर्ण झालं. रक्त थांबलं, पुन्हा दिसलं.

आमच्या आशाताईने घरी येऊन बसून सांगितलं, वर्षभर पाळी आली नसेल आणि नंतर एक ठिपका जरी दिसला तरी गर्भाशयाची तपासणी करायचीच. सोनोग्राफी, लागलं तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासायचा. मावशी घाबरली होती, लाजत होती, मी सोबत गेले. छोटी गाठ निघाली, साधी होती, काढली. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असता तरी एवढ्या लवकर सापडला असता तर बहुतेक वेळा बरा होतो, असं डॉक्टर म्हणाल्या. सब्जा गार वाटायला प्या, मी पण पिते. पण रक्त दिसलं तर तपासणीच.

भुसावळ, रेल्वेत

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. खिशात कांदा आम्हीही ठेवतो, आजोबांपासून आहे. पण सोबत पाणी असतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हं मिळालं तर उत्तमच. अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याच्या तोंडात काही ओतायचं नाही. सावलीत घ्या, कपडे ओले करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

धडगाव, आशा कार्यकर्ती

आमच्या पाड्यांवर 'रक्त कमी' म्हटलं की गूळ-शेंगदाणे, बीट, आणि बडव्याकडचा, म्हणजे गावातल्या मंत्र-उपचार करणाऱ्याकडचा, धागा. गूळ-शेंगदाण्याला मी कधीच नाही म्हणत नाही. पालेभाजी लोखंडी तव्यावर करा, वर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाने, असं सांगते, त्याने लोह अंगी लागतं.

पण सातपुड्यात सिकलसेल आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून हाडं दुखतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, यांनी दुखणं उसळतं. अशा पोराला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहिलं तर उपयोग होत नाही. त्याला फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, आणि डॉक्टर सांगतील तर हायड्रॉक्सीयुरिया लागतं. १ जुलै २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासणी मोफत होते, कार्ड मिळतं. लग्न जमवताना दोघांची कार्डं पाहा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा बाळाला आजार होण्याची शक्यता असते. बडव्याशी मी भांडत नाही. आमच्या भागातला एक बडवा आता स्वतःच पोरांना धागा बांधून माझ्याकडे पाठवतो.

पिंपळनेर, आजी

ताई, सून बाळंतीण आहे. डिंकाचे लाडू केलेत, मेथी आणि गोडंबी घालून. बाळाला घुटीत मध चाटवू का? आमच्या वेळी चाटवत.

अमळनेर (धागा सुरू करणारी)

आजी, लाडू सुनेला द्या, पोळीभाजी आणि पाणीही भरपूर द्या. अंगावर पाजणाऱ्या बाईचं पाणी तोडायचं नसतं. गोडंबी म्हणजे बिब्ब्याची बी, ती नीट सोललेली, भाजलेली घ्या, कारण बिब्ब्याच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात.

बाळाला मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, थेंबभरसुद्धा नाही. मधात बोटुलिझमचे जंतू बीजरूपात असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष बनवतात आणि बाळ ढिलं पडतं. सहा महिने फक्त आईचं दूध, घुटी आणि वरचं पाणीही नाही. मध आधीच चाटवला असेल आणि बाळाला शी होत नसेल, रडण्याचा आवाज बारीक झाला असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर उद्याची वाट न बघता आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.