दोघंच हवेत, पण स्टेज हादरलं पाहिजे: कुणाला ऐकू, कुणाला बघू?

रिकामी_पेटी:
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात भाच्याने मॅट अँड किमच्या एका जुन्या शोचं चित्रण दाखवलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची जोडी. मॅट जॉन्सन कीबोर्ड वाजवतो आणि गातो, किम शिफिनो ड्रम बडवते. संपला बँड! ना गिटार, ना बास. पण ती बाई वाजवताना गाल दुखतील इतकी हसत असते, मधेच उठते आणि थेट लोकांच्या तळहातांवर उभी राहून नाचते. खालची माणसं तिला तोलून धरतात. वर फुगे, कागदाचे कपटे, नुसता धुडगूस.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे अंधारात लॅपटॉपमागे मान हलवणारा एक गंभीर मुलगा, अशी माझी आजवरची समजूत. चाळिशी ओलांडल्यावर ती मोडली. तर यांचं काय आधी ऐकू? आणि याच जातकुळीतलं आणखी कोण आहे? फक्त 'छान आहे' म्हणू नका, का ते सांगा.

खमंग_ठेका:
'ग्रँड'पासून सुरुवात करा, २००९चा अल्बम. जेमतेम अर्ध्या तासाचा, एका बैठकीत होतो. मॅटच्या व्हरमाँटमधल्या लहानपणच्या घरात रेकॉर्ड केलाय आणि नाव मात्र ब्रुकलिनच्या ग्रँड स्ट्रीटचं. त्याच वर्षी 'लेसन्स लर्न्ड'च्या व्हिडिओत दोघं भर थंडीत टाइम्स स्क्वेअरमध्ये चालता चालता एकेक कपडा उतरवतात. त्याला एमटीव्हीचं पारितोषिकही मिळालं. भाच्यासोबत बघू नका, एवढंच.

एक सावधगिरी. शो बघून अल्बमकडे गेलात तर सुरुवातीला पातळ वाटेल. २००४ साली सुरुवात केली तेव्हा दोघांनाही ही वाद्यं धड येत नव्हती, शिकत शिकतच स्टेजवर चढले. त्यामुळे चाली साध्या, ठेका सरळ. पण म्हणूनच तिसऱ्या ओळीला अख्खा हॉल सोबत गायला लागतो. अवघड गाण्यावर इतक्या जणांना एकदम उड्या मारता येत नाहीत.

अर्धवट_आनंदी:
या खानदानाचे मूळपुरुष म्हणजे सुइसाइड नावाची जोडी. न्यूयॉर्कचेच. मार्टिन रेव एका स्वस्तातल्या ऑर्गनवर आणि ठेक्याच्या यंत्रावर, समोर गायला अ‍ॅलन वेगा. पहिला अल्बम १९७७चा. धुडगूस यांच्याकडेही असायचा, पण आनंदाचा नव्हे. वेगा साखळी घेऊन स्टेजवर यायचा. १९७८ साली ब्रुसेल्समध्ये लोकांनी इतकी हुर्यो उडवली की शो मधेच बंद पडला. तेवीस मिनिटांचं ते रेकॉर्डिंग पुढे प्रसिद्धही झालं, त्यात प्रेक्षक बँडइतकेच ऐकू येतात.

पहिल्या अल्बममधलं 'फ्रँकी टिअरड्रॉप' रात्री एकट्याने हेडफोन लावून ऐकू नका. दहा मिनिटांचं आहे आणि मी चेष्टा करत नाहीये.

निवांत:
वरच्या 'लॅपटॉपमागचा मुलगा' या टोमण्याला माझा आक्षेप. नॉटिंगहॅमचे स्लीफर्ड मॉड्स बघा. अँड्र्यू फर्न लॅपटॉपवर एक बटण दाबतो आणि मग बिअर हातात घेऊन डुलत राहतो. लपवाछपवी काही नाही. शेजारी जेसन विल्यमसन माइकवर इतका तोंडाळ सुटतो की बटणवाल्याचं निवांत असणं हाच विनोद होतो. हात चालले पाहिजेत असं कुणी सांगितलं? अंगात यायला एक माणूस पुरतो.

स्ले बेल्सही ऐका. अलेक्सिस क्रॉस आणि डेरेक मिलर, हेही ब्रुकलिनचे. डेरेक एका ब्राझिलियन रेस्तराँमध्ये वेटर होता, अलेक्सिस आईसोबत जेवायला गेली होती. तो गायिका शोधतोय म्हटल्यावर आईनेच लेकीचं नाव पुढे केलं. २०१०चा 'ट्रीट्स' ऐका. स्पीकर फाटला की काय वाटेल, पण फाटलेला नाही, तो आवाजच तसा आहे.

तबकडी:
लाइटनिंग बोल्ट! ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्सचे. एक बास, एक ड्रम. स्टेजवर न चढता खाली जमिनीवर, गर्दीच्या मधोमध वाजवण्यासाठी प्रसिद्ध. ड्रमर तोंडावर मुखवटा चढवतो आणि त्याच्या आत माइक.

रिकामी_पेटी:
@तबकडी, हे इलेक्ट्रॉनिक कुठे आहे? दोन मिनिटं ऐकलं, शेजारी दार वाजवायला आले.

तबकडी:
विजेवर चालतं ना! बरं, मग सिल्व्हन एसो. अमीलिया मीथ मूळची लोकगीतांच्या वळणाचं गाणारी, निक सॅनबर्न यंत्रांवर. धुडगूस कमी, नाच भरपूर. शेजारी राहतील.

कानात_बोळे:
कुणीच सांगत नाहीये म्हणून. प्रत्यक्ष शोला जाणार असाल तर इअरप्लग घ्या, संगीतासाठीचे मिळतात ते. ८५ डेसिबलचा आवाज उघड्या कानांना आठ तास चालतो, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १००ला पंधरा मिनिटं. लहान क्लबमध्ये स्पीकरसमोर १०० सहज होतात. कापसाचे बोळे घालू नका, त्याने वरचे सूर जातात आणि धोका राहतोच. (माझं नाव जुन्या चुकीवरून पडलंय.)

खमंग_ठेका:
आणि किमसारखं हातांवर चढायचा मोह आवरा, ताई! २०१७ साली मेक्सिकोतल्या एका फेस्टिव्हलमध्ये स्टेजवरच तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. दौरा रद्द करावा लागला. त्या सक्तीच्या सुट्टीत जमलेली गाणी २०१८च्या 'ऑलमोस्ट एव्हरीडे'मध्ये आहेत. जरा उदास अल्बम आहे, पण मला तोच जास्त आवडतो.

रिकामी_पेटी:
सगळ्यांचे आभार. 'ग्रँड' तीनदा झाला. 'फ्रँकी' सहाव्या मिनिटाला बंद करून घरातले दिवे लावले. चढायचा विचार नाही हो, पण खालून धरणाऱ्यांना काय वाटत असेल ते कळेना.

मुका_झांज:
मी धरलंय किमला एकदा. पुढच्या रांगेत होतो, पळायला जागाच नव्हती. बुटाचा तळ हातावर आला, वाटलं त्यापेक्षा पाय हलका होता, कारण आजूबाजूचे दहा हातही तिथेच होते. ती गाणं संपेपर्यंत थांबली नाही. मला गाणं कोणतं होतं ते आठवत नाही, डाव्या हाताची अंगठी दोन दिवस निघाली नाही ते आठवतं.