हार्नोनकूर आणि 'बेसूर बाख'वाले

तातीची तार:
कालच्या त्या पोस्टखाली दोन ओळी टाकून सोडून देणार होतो, पण डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी पोस्टचा सारांश: निकोलाउस हार्नोनकूर हा ऑस्ट्रियाचा ऑर्केस्ट्रा-संचालक, म्हणजे एक हौशी उमराव. त्याने जुनी वाद्यं हुडकून काढली, ती सुरात लागेनात, तेव्हा 'त्या काळी असंच वाजायचं' अशी आवई उठवली आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. खरा बाख (अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार) ऐकायचा तर संचालक कार्ल रिख्टरचा १९५८चा म्युनिकचा 'मॅथ्यू पॅशन' (ख्रिस्ताच्या मरणावरची बाखची गायनरचना), बाकी सगळी थेरं. खाली 'अगदी अगदी' म्हणणाऱ्यांची रांग.

उमराव होता, मान्य. आईकडून आर्चड्यूक योहानपर्यंत नातं पोचतं. पण हा उमराव १९५२ ते १९६९ व्हिएन्ना सिम्फनीत चेलो वाजवायची नोकरी करत होता. बड्या संचालक करायानने निवडलेला. घरात चार मुलं. संध्याकाळी पगारासाठी ब्राम्स आणि ब्रुकनर वाजवायचे, उरलेल्या वेळात घरी मित्रांना जमवून दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीताचा कीस पाडायचा. बायको ॲलिस व्हायोलिनवर. १९५३मध्ये कॉन्सेंटुस मुझिकुस हा त्यांचा जुन्या वाद्यांचा वाद्यवृंद सुरू झाला आणि पहिला जाहीर कार्यक्रम झाला १९५७ला. मधली चार वर्षं नुसत्या तालमी! हौशी माणूस चार वर्षं टाळ्यांवाचून राहतो का हो? आपल्याकडे तीन महिन्यांत पोराला क्लासच्या गॅदरिंगला बसवतात.

आता 'बेसूर'. बाखच्या काळातल्या ट्रम्पेटला आणि हॉर्नला कळा (स्वर बदलायची बटणं) नसतात. नळी एकच, स्वर ओठांनी काढायचा. त्या नळीतून आपोआप निघणाऱ्या मालिकेतला अकरावा आणि तेरावा स्वर पियानोच्या पट्टीत बसतच नाही, तो वाजवणाऱ्याने ओढूनताणून जागेवर आणायचा असतो. १९७१मध्ये ही कला येणारी माणसं युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तशात हार्नोनकूर आणि त्याच पंथातला गुस्ताव लेओनहार्ट यांनी टेलिफुंकन या रेकॉर्ड कंपनीसाठी बाखचे सगळे, म्हणजे जवळपास २०० चर्च कँटाटा (प्रार्थनेसाठीच्या गायनरचना) ध्वनिमुद्रित करायला घेतले आणि १९९०ला पुरे केले. सुरुवातीच्या खोक्यांमधले हॉर्न ऐकून मीही दात आवळतो. पण प्रत्येक खोक्यात एलपींबरोबर संपूर्ण स्वरलिपी छापून दिलेली असायची. जो माणूस श्रोत्याच्या हातात कागद देतो, 'बघ, मी कुठे काय करतोय' म्हणतो, तो आवई उठवणारा?

काळी चार:
ती पोस्ट माझीच. धागा काढल्याबद्दल आभार, एवढी प्रसिद्धी मला कधी मिळाली नव्हती.

तुमची ट्रम्पेटची शाळा वाचली. मला ट्रम्पेट का चुकतं याची कारणं नकोत, मला बाख हवाय. वडिलांनी जर्मनीहून आणलेला रिख्टरचा संच आमच्याकडे होता. पॅशनचा पहिला कोरस सुरू झाला की खालचा बास असा एकाच स्वरावर ठोके देत राहतो, वर दोन गायकवृंद एकमेकांना हाका मारतात, आणि मग त्यावर पोरांचा तिसरा सूर चढतो. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहायची. तिला जर्मन येत नव्हतं, बाख कोण हेही माहीत नव्हतं. हार्नोनकूरचा १९७०चा लावला तर ती म्हणाली असती, 'तालीम चालू आहे का?'

आणि त्यात गाणारी ती पोरं! दम पुरत नाही, स्वर लटपटतोय, तरी सोप्रानोचा (सर्वात उंच आवाजाचा) अख्खा एरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, त्या पोराच्या गळ्यात मारलेला. का, तर बाखकडे बायका नव्हत्या म्हणून. हा हट्ट आहे, संगीत नव्हे.

तातीची तार:
आईंबद्दल आदर आहे. पण आई दारात उभ्या राहिल्या यावरून रिख्टरची लय बरोबर ठरत नाही. तो कोरस १२/८च्या तालात आहे. त्यात एक झुलती चाल आहे, नाचाच्या कुळातली. रिख्टर ती इतकी जड करतो की सगळी मिरवणूक चिखलातून चालल्यासारखी वाटते.

वसईची कोकिळा:
मधेच तोंड घालते. संगीताच्या बाजूने मी हार्नोनकूरकडे आहे, पण पोरांच्या बाबतीत 'काळी चार' यांना दणदणीत अनुमोदन, आणि ते दम पुरत नाही म्हणून नव्हे.

मी लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गाते. आमच्या वेळी एका पॅरिशमध्ये (नाव घेत नाही) वरच्या सुराचा सोलो मुलींना देत नसत. 'परंपरा' म्हणायचे. १९०३मध्ये पोपनी आदेशच काढला होता की चर्चच्या गायकवृंदात बायका नकोत, उंच सूर हवे तर मुलगे घ्या. पुढे तो आदेश गेला, पण लोकांच्या डोक्यातून जायला वेळ लागला. ख्रिसमसच्या मिडनाइट मासला माझ्याहून तीन वर्षांनी लहान मुलगा सोलो गात होता. फाटक्या आवाजात. मी त्याच्या मागच्या रांगेत उभी होते आणि मला तो भाग पाठ होता.

त्यामुळे 'मूळ स्वरूपात सादर करतोय' हे वाक्य ऐकलं की मी आधी बघते, मूळ स्वरूपात कुणाला बाहेर ठेवलंय.

मिरजेचा भोपळा:
ताई, सहानुभूती आहे. पण बाख लुथरन, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पंथाचा. पोपच्या आदेशाचा इथे काय संबंध?

वसईची कोकिळा:
बाखच्या लाइपझिगमधल्या टोमासकिर्शे या चर्चमध्येसुद्धा मुलगेच गात होते ना? मग आदेश कुणाचा याने मला काय फरक पडतो?

मिरजेचा भोपळा:
पडतो. बाखने त्या मुलांचे आवाज डोळ्यासमोर ठेवून लिहिलं. तेव्हा मुलांचे आवाज आजच्यापेक्षा उशिरा फुटायचे, पंधरा-सोळा वर्षांचा तयार सोप्रानो मिळायचा. हार्नोनकूरला मिळाली दहा-बारा वर्षांची पोरं, दम कमी पडला तो तिथे. म्हणजे कल्पना बरोबर, माल कच्चा. उद्या म्हणाल 'सौभद्र'मधली सुभद्रा बालगंधर्वांनी का केली.

वसईची कोकिळा:
उद्या कशाला, आजच म्हणते. सुभद्रा करायला बाई चालत नव्हती म्हणून पुरुषाने केली. ते गाणं थोर होतं म्हणून ती बंदी थोर होत नाही. आज कुणी 'अस्सल सौभद्र' म्हणून पुन्हा स्त्रीपार्टी उभा केला तर तुम्ही तिकीट काढाल?

मिरजेचा भोपळा:
काढीन. पहिल्या रांगेचं.

फोडणीचा भात:
बालगंधर्वांना या भांडणात ओढायचं कारण नाही. नारायणराव स्टेजवर आले की बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकायच्या, आमच्या पणजीने स्वतः सांगितलंय. त्या माणसाची तुलना व्हिएन्नातल्या घसा बसलेल्या पोरांशी? थोडी तरी लाज.

आणि अस्सलपणाचा एवढा पुळका असेल तर आजचे 'सौभद्र'वाले सारंगी का ठेवत नाहीत ते विचारा. नारायणरावांच्या साथीला ऑर्गन होता, कादरबक्षांची सारंगी होती, तबल्यावर थिरकवाँ. आता एक सिंथेसायझर, त्यातच ऑर्गन, त्यातच सारंगी, आणि मध्यंतरात वडा. गेल्या वर्षी एका प्रयोगात तर त्या डबड्याचा आवाज मधेच बासरीवर गेला आणि वाजवणाऱ्याच्या लक्षात यायला एक अख्खं कडवं लागलं.

मिरजेचा भोपळा:
हे मात्र शंभर टक्के. सारंगीच्या तिन्ही मुख्य तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या. पावसाळ्यात तात ओल धरते, सूर हलतो, वादक एका पदात दोनदा खुंटी पिळतो. कोण ठेवणार तो व्याप?

तातीची तार:
अहो, तेच तर हार्नोनकूरने केलं! व्हायोलिनच्या पोलादी तारा काढून तात चढवली, आणि तो व्याप जन्मभर सांभाळला. तुम्ही सगळे माझ्याच बाजूने बोलताय आणि वर मलाच शिव्या देताय.

फोडणीचा भात:
आम्ही नारायणरावांच्या बाजूने बोलतोय. तुमचा तो पाव्हणा आम्हाला ठाऊक नाही.

काळी चार:
मूळ मुद्द्यावर येऊ का, की अजून वडा खायचाय?

'मूळ स्वरूप' हे सोंग आहे याचा पुरावा खुद्द बाखच्या हातचा आहे. १९७०च्या त्या पॅशनमध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा गायकवृंद आणला, रेगेन्सबुर्गची पोरं आणली. बाखने २३ ऑगस्ट १७३०ला लाइपझिगच्या नगरपालिकेला लिहून दिलंय की एका गायकवृंदाला किमान बारा, जमल्यास सोळा गायक हवेत. १९८१मध्ये जोशुआ रिफकिन या अभ्यासक-संचालकाने तर एका स्वरभागाला एकच गायक अशी मांडणी करून सगळ्या जुन्या-वाद्यवाल्यांचीच झोप उडवली. म्हणजे हार्नोनकूर रिख्टरइतकाच 'चुकीचा'. फक्त रिख्टर तसं मिरवत नाही.

तातीची तार:
हार्नोनकूरही मिरवत नव्हता, हेच तर कालपासून सांगतोय. म्युझियमवाला म्हटलेलं त्याला अजिबात खपत नसे. १९९०-९१मध्ये ग्राट्सला चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपबरोबर बेटहोव्हनच्या नऊ सिम्फनी केल्या, त्या आजच्याच वाद्यांवर. फक्त ट्रम्पेट जुन्या, बिनकळांच्या. का? कारण जुनी ट्रम्पेट पूर्ण जोराने फुंकली तरी बाकीच्यांना गिळत नाही आणि आवाजाला धार राहते. पोथीनिष्ठ माणूस सगळंच जुनं घेतो. हा कानाला काय हवंय ते बघून निवडत होता. पुढे २००९मध्ये ग्राट्सलाच गर्श्विनचा 'पोर्गी अँड बेस' केला. त्यात कुठली तात आणि कुठलं काय!

आणि वसईच्या ताईंसाठी. कॉन्सेंटुसमध्ये पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत १९५३पासून १९८५पर्यंत ॲलिस होती. त्याच शहरातल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकने बाईला सभासद करून घेतलं १९९७ला.

वसईची कोकिळा:
बायको होती म्हणून बसवली.

तातीची तार:
हे अन्यायाचं बोलणं आहे. तिचं व्हायोलिन ऐका आणि मग बोला.

वसईची कोकिळा:
ऐकलंय. उत्तम वाजवते. माझा प्रश्न तिच्या वाजवण्याबद्दल नव्हताच. वाजवणाऱ्या बाईला खुर्ची, गाणाऱ्या बाईला मागची रांग, हे कसं?

झुबिनभक्त:
एवढं व्हिएन्ना-व्हिएन्ना चाललंय आणि आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं नाव नाही? १९५४मध्ये हा मुलगा तिथे शिकायला गेला, तेव्हा तुमचे हार्नोनकूर सिम्फनीत चेलो घासत होते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्षाच्या मैफिली झुबिननी पाच केल्या, यांनी दोन.

तातीची तार:
२००१ आणि २००३. आणि २००१ला काय केलं ते ऐका: 'राडेट्स्की मार्च', जो शेवटी टाळ्यांसाठी ठेवतात, तो सुरुवातीलाच वाजवला, मूळ आवृत्तीत. त्या सोनेरी सभागृहात टाळ्या पिटायला आलेल्या लोकांना आधी ऐकायला लावलं.

झुबिनभक्त:
आणि शेवटी पुन्हा नेहमीचा वाजवलाच की! टाळ्या त्यालाही हव्या होत्या.

मिरजेचा भोपळा:
पाच विरुद्ध दोन. हे काय क्रिकेट आहे?

काळी चार:
बरं, 'तातीची तार' यांच्यासाठी एक सवाल. पोरांचा आवाज हाच बाखचा खरा आवाज, तर २०००मध्ये व्हिएन्नात त्याच माणसाने पॅशन पुन्हा मुद्रित केला तेव्हा अर्नोल्ड शोएनबर्ग कॉयर, म्हणजे स्त्री-पुरुष मिश्र गायकवृंद, आणि सोप्रानोला क्रिस्टीने शेफर आणि डोरोथेआ रोशमान कशा काय आल्या? तीस वर्षांत बाखने नवीन पत्र पाठवलं होतं का?

तातीची तार:
पोरांचा आवाज हाच खरा, असं मी या धाग्यात कुठेही लिहिलेलं नाही, वर जाऊन बघा. २०००चं मुद्रण हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. सत्तरीतल्या माणसाने स्वतःच्या गाजलेल्या कामावर समाधान न मानता सगळं पुन्हा उघडून बसावं! रिख्टरनेही १९७९मध्ये पुन्हा केला. तो पहिल्याहून संथ.

काळी चार:
रिख्टर दोन वर्षांत गेला. मेलेल्या माणसावर संथपणाचा आरोप, वा.

तातीची तार:
हार्नोनकूरही २०१६मध्ये गेला. त्यावर 'थेरं' लिहिताना तुम्हाला काही वाटलं नाही. ८६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ५ डिसेंबर २०१५ला, श्रोत्यांना हाताने पत्र लिहून निवृत्त झाला, कारण शरीर साथ देईना. तीन महिन्यांत गेला. शेवटपर्यंत हातात संचालकाची काठी धरली नाही, बोटांनी आणि त्या वटारलेल्या डोळ्यांनी वाजवून घ्यायचा. आवडत नसेल तर नका ऐकू, पण ढोंगी म्हणू नका.

काळी चार:
ठीक आहे. 'ढोंगी' मी म्हटलं नव्हतं, 'थेरं' म्हटलं होतं. तेवढं मागे घेतो, साखरेत घोळून. काल रात्री २०००चा पहिला कोरस ऐकला. वाईट नाही. लय तुमची ती झुलती की काय ती आहे, आणि तरी वजन आहे. बायका गातायत म्हणून आहे. १९७०चा अजूनही नको, कुणी फुकट दिला तरी नको. आणि रिख्टर माझा तो माझाच.

वसईची कोकिळा:
'बायका गातायत म्हणून' हे तुम्ही कबूल केलंत, स्क्रीनशॉट घेतलाय.

फोडणीचा भात:
माझ्या सारंगीच्या प्रश्नाला एकानेही उत्तर दिलेलं नाही. सिंथेसायझरवर वेगळा धागा काढतोय, तिथे या. आणि हार्नोनकूरवाल्यांनी येताना तो पियानोच्या पट्टीचा हिशोब घरी ठेवून यावा.

वसईची कोकिळा:
येते. पण सुभद्रेचा मुद्दा कुणी खोडलेला नाही, तो तिथेही काढणार.