इफुगाओचा वारसा: पैसा उत्सवाच्या मंचाला की भाताच्या खाचराला?

दगडमाती
फिलिपिन्समध्ये लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा डोंगररांग आहे. तिथल्या इफुगाओ लोकांची डोंगरउतारावरची भातखाचरं १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. हुडहुड हे कथागायन २००८ मध्ये आणि पुन्नुक ही नदीच्या पाण्यात खेळली जाणारी रस्सीखेच २०१५ मध्ये युनेस्कोच्याच अमूर्त वारशाच्या यादीत आली. माझं मत असं, की बानावेच्या इम्बायासारख्या मंचीय उत्सवांवर खर्च करण्याआधी तिनावोन जगवावा. तिनावोन म्हणजे वर्षातून एकदाच पिकणारा देशी भात, सुमारे जून-जुलैत कापणीला येणारा. विधींचं वेळापत्रक त्याच्यावरच बेतलेलं आहे. हुंगदुआन भागातल्या हापाओत पुन्नुक होतो तो कापणी आटोपल्यावर. वर्षाला दोन पिकं देणारं बियाणं शिरलं की एका खाचरात लोंब्या पिवळ्या आणि शेजारी चिखलणी चालू. अशा गावात 'कापणी संपली' म्हणावं असा दिवसच येत नाही. उंदरांचंही फावतं, कारण त्यांना कुठे ना कुठे दाणा मिळतच राहतो.

ओंबी
असहमत. तिनावोनला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, उतारा कमी, आणि बऱ्याच घरांना तो भात वर्षभर पुरत नाही. तरुण बागियोला, मनिलाला, परदेशात जातात ते याच हिशेबाने. एप्रिलच्या सुमारास इम्बाया होतो तेव्हा विणकर, कोरीवकाम करणारे, तांदळाची दारू (बाया) करणारे यांच्या हातात रोख पैसा येतो. तो कमी लेखू नका.

शिवाय ही खाचरं म्हणजे 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' असं नेहमी सांगितलं जातं, तो आधारही डळमळीत आहे. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांच्या इफुगाओतल्या जुन्या कियांगान गावातल्या उत्खननातून असं दिसतं, की ओली भातशेती तिथे स्पॅनिश सत्तेच्या दबावानंतर, साधारण सतराव्या शतकात पसरली. त्याआधी अळकुड्या होत्या. म्हणजे याच लोकांनी एकदा पीक बदललं आणि त्याभोवती नवे विधी उभे केले. मग आजच्या पिढीलाच का अडवायचं?

रानपाणी
वय दोन हजार असो की चारशे, गडगा (खाचराची दगड रचलेली भिंत) ढासळण्याची कारणं तीच राहतात. ती नीट समजून घेतली तर निम्मा वाद मिटेल.

खाचराचा तळ चिकणमातीचा असतो आणि वर्षभर पाण्याखाली ठेवावा लागतो. पाणी आटलं की त्याला भेगा पडतात. पुन्हा पाणी सोडलं की ते भेगांतून गडग्याच्या मागे उतरतं, तिथली माती फुगते आणि दगड बाहेर ढकलले जातात. वरचा गडगा कोसळला की त्याचा राडारोडा खालच्या दोन-तीन खाचरांवर येतो. भाजीपाल्यासाठी वाफे कोरडे करणाऱ्यांचं नुकसान म्हणून त्यांच्यापुरतं राहत नाही, खालच्यालाही ते भोगावं लागतं.

गांडुळांचा त्रास वेगळा. मोठी गांडुळं बांधात लांब बिळं करतात आणि पाणी झिरपून जातं. त्यात १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून आणलेली सोनेरी गोगलगाय कोवळी रोपं फस्त करते. सपाटीवर सांगतात तसं पाणी काढून तिला आवरावं म्हटलं तर परत भेगा. इथे हाताने वेचणं आणि थोडं वाढलेलं, निबर रोप लावणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

दुरुस्तीत सिमेंट वापरू नये. कोरड्या रचलेल्या गडग्यातून पाझर बाहेर पडतो, सिमेंटने तो कोंडतो आणि मागचा दाब वाढत जातो. आणि सगळ्यात वर मुयोंग, म्हणजे कुटुंबांनी राखलेलं रान. ते तुटलं की झरे आटतात आणि पाटाला पाणी येत नाही. २००१ साली ही खाचरं धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली आणि २०१२ मध्ये बाहेर आली, पण म्हणून देखभाल थांबवता येत नाही.

ओंबी
रानपाणी, हे सगळं मान्य, पण राबणार कोण? इफुगाओत खाचरं वाटून तुकडे होऊ नयेत म्हणून मुख्यतः थोरल्या अपत्याकडे जातात. तेच शिकून शहरात जातं आणि शेत अर्धेलीने दुसऱ्याकडे. अर्धेलीवाला दुसऱ्याचा गडगा फुकट का रचेल? उत्सवाकडे निदान मुलं स्वतःहून येतात. हुडहुड शिकवण्याचे वर्गही चालतात, ते बंद पाडायचे का?

दगडमाती
वर्ग चालूच राहोत. पण हुडहुडच्या दोनशेहून अधिक कथा आहेत, एकेकीचे चाळीसेक भाग, पूर्ण म्हणायला काही दिवस लागतात. मुख्य गायिका, बहुधा वयस्क बाई, ओळ उचलते आणि बाकीच्या झेलतात, आपल्याकडच्या भलरीसारखं, कामाच्या लयीत. स्पर्धेच्या मंचावर मिळणाऱ्या मिनिटांत मुलींना चाल येते, कथा येत नाही. दीर्घ कथा बसते ती कापणीच्या दिवसांत आणि मयताच्या जागरणात.

मजुरीचा मुद्दा मात्र पटला. त्यात आणखी एक अडचण आहे. पर्यटक गर्दी करतात ते बानावेच्या सज्जांवर, आणि तो भाग युनेस्कोच्या पाच समूहांत नाहीच. ते पाच म्हणजे बाताद, बांगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. बानावेत घेतलेलं शुल्क हुंगदुआनच्या गडग्यापर्यंत आपोआप पोचत नाही.

रानपाणी
मग पैसे उत्सवाला किंवा सुट्या घराला न देता पाटाला द्या. एका पाटावरची सगळी खाचरं एक घटक धरायची. लावणीआधी सगळ्यांनी मिळून पाट उपसायचा, फुगलेले गडगे उतरवून पुन्हा रचायचे आणि रचलेल्या लांबीवर मजुरी द्यायची, मग रचणारा मालक असो की अर्धेलीवाला. अट एवढीच, की त्या पाटावर सगळ्यांनी तिनावोन एकाच वेळी लावायचा. एकानेही वाफा कोरडा केला तर पुढच्या वर्षीचा हप्ता पूर्ण पाटाचा थांबवायचा, कारण पाणी झिरपणार ते खालच्याच्याच डोक्यावर.