मदत हवी आहे: कूलर चालू असताना संवाद ऐकू येतील असे स्पीकर (नागपूर, बजेट ६० हजार)

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून हसाल, पण अडचण खरी आहे. आमच्याकडे एकदा खिडकीला कूलर लागला की तो पाऊस पडेपर्यंत हलत नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या उजव्या हाताला पत्र्याचा मोठा कूलर आहे. तो फास्टवर असला की टीव्हीतला माणूस ओठ हलवतोय एवढंच कळतं. बाबा दर दोन मिनिटांनी विचारतात, "काय म्हणून राहिला तो?" मी आवाज वाढवतो, तेवढ्यात पडद्यावर मारामारी सुरू होते आणि आई आतून ओरडते. रिमोट खाली ठेवायची सोय नाही.

आधी एकदा पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक वूफर) संच आणला. खोक्यावर १२००० वॅट पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला आकडा). घरी आणून मागची पट्टी वाचली तर वीज लागते ६५ वॅट! बोर्डातून ६५ घेणारं यंत्र १२ हजार देणार कुठून, हे मला दुकानात सुचायला हवं होतं. क्रिकेट असो की कीर्तन, सगळ्याला एकच ढुम. सेंटर स्पीकर (टीव्हीखालचा मधला) साबणदाणीएवढा. त्याचा वूफर (ढुम करणारा डबा) गेल्या पावसाळ्यात गेला, आता त्यावर मनी प्लांट आहे.

खोली १४ बाय ११ फूट, सोफा मागच्या भिंतीला टेकून, टीव्हीपासून साडेनऊ फुटांवर. खाली फरशी, एका बाजूला शोकेसच्या काचा. टाळी वाजवली की टणकन घुमतं. टीव्ही ५० इंची, एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारं सॉकेट) आहे.

वाचून एवढं कळलं की वॅटच्या मागे धावू नये. ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावरून ८९ डेसिबल देतो. सोफा साधारण ३ मीटरवर, म्हणजे मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल घटले. १० वॅट दिले की ते भरून निघतात. फोनवरचं अॅप कूलरचा आवाज सोफ्याजवळ साठच्या आसपास दाखवतं (अॅप किती खरं, देव जाणे). म्हणजे ताकद कमी पडत नाही, शब्द नीट येत नाहीत.

डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत. पहिला, सोनी एचटी-एस२०आर सारखा तयार ५.१ संच. स्वस्त, एकाच खोक्यात सगळं, पण उद्या त्यातला एक स्पीकर बदलायचा म्हटलं तर जमणार नाही. दुसरा, यामाहा आरएक्स-व्ही३८५ किंवा डेनॉन एव्हीआर-एक्स२५०बीटी रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर), सोबत पोल्कचे टी१५ दोन आणि टी३० सेंटर. सबवूफर दिवाळीला, मागचे स्पीकर जमेल तेव्हा. तिसरा पर्याय मित्राचा: सेंटर घेऊच नको, सगळे पैसे समोरच्या दोन स्पीकरवर लाव, मधे बसलास की आवाज आपोआप मधूनच येतो. त्याचं खरंय, पण मधे बसतो मी. बाबांची खुर्ची डाव्या कोपऱ्यात, पंख्याखाली. तिथून त्यांना सगळा आवाज डाव्या स्पीकरमधूनच येणार.

बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मोदी नंबर तीनच्या गल्लीत चक्कर मारून आलो. एका दुकानात हेलिकॉप्टर आणि काचा फुटण्याचा डेमो लावला, माझी छाती थरथरली. म्हटलं भाऊ, दोन माणसं बोलताना दाखवा ना. तो माझ्याकडे बघतच राहिला.

तर प्रश्न असे: दुसरा पर्याय योग्य आहे का? सबवूफरशिवाय सहा महिने काढता येतील का? आणि कूलरच्या ओल्या हवेने स्पीकर खराब होतात का?

प्रतिसाद

दुसराच घ्या. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात, आणि रिसीव्हरमध्ये फक्त सेंटरची पातळी ३ डेसिबल वर चढवता येते. मारामारी आहे तिथेच राहते, आई ओरडणार नाहीत. सेंटर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका, तोंड कडेला आणा आणि कानाच्या दिशेने थोडं वर उचला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (साध्या स्टीरिओच्या पर्यायावर) असेल तर बदला, नाहीतर बऱ्याच टीव्हींमधून दोनच चॅनल बाहेर पडतात आणि तुम्ही सेंटरला दोष देत बसाल.

सबवूफरशिवाय खुशाल राहा. तो आला की क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. मागचे स्पीकर घ्याल तेव्हा सोफा भिंतीला आहे म्हणून ते बाजूला, कानापेक्षा थोडे वर लावा. वायर तांब्याचीच घ्या, १.५ स्क्वेअर एमएमची चालेल. टोक खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम.

ओल्या हवेचं म्हणाल तर स्पीकरची बहुतेक खोकी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) असतात, पाणी लागलं की फुगतात. कूलरच्या झोतात ठेवू नका, एवढं पुरे. फरशीवर जाड सतरंजी टाका. आणि स्पीकर घ्यायच्या आधी कूलर बघा. निम्मा आवाज पत्र्याच्या खडखडीचा असतो. स्टँडच्या पायाखाली रबर घाला.

एक आगाऊपणा करतो: बाबांचे कान एकदा तपासून घ्या. क, त, स, श ही व्यंजनं वरच्या पट्टीत ओळखू येतात आणि वयाबरोबर तीच पट्टी आधी जाते. मग आवाज येतो, शब्द कळत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. जुनी स्लिपर कापून चार तुकडे पायाखाली सारले. बाबा आतून आले, "कूलर बंद केला का?"

कानांचं बोलायची हिंमत अजून झालेली नाही, ते आईवर सोपवलं आहे. टीव्ही खरोखरच पीसीएमवर होता. शनिवारी पेन ड्राइव्हमध्ये नुसत्या गप्पांचे दोन प्रसंग घेऊन पुन्हा बर्डीवर जातो. या वेळी बाबांनाही नेणार. डाव्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवतो त्यांना.